कांद्याचा भोंगा आणि मुंबईची हवा

मंगळवार

राज्यस्तरीय स्पर्धेच्या पत्रात 'सोबत एक मार्गदर्शक शिक्षक' असं लिहिलेलं असतं. मार्गदर्शक शिक्षक म्हणजे प्रत्यक्षात कोण, तर ज्याच्या पर्समध्ये मुलांची आधार कार्डं, पालकांची संमतीपत्रं, बोनाफाइड, उलटीच्या गोळ्या, सेलोटेप आणि सुटे पैसे असतात तो माणूस. विज्ञान त्याला आलं तर उत्तमच.

आमच्या प्रकल्पाबद्दल आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आमच्या लासलगाव भागात उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये निघतो आणि चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, जातो. भाव येईल तेव्हा येईल, तोवर तिथंच. चाळीतल्या हवेचा दमटपणा ६५ ते ७० टक्क्यांच्या आसपास राहिला तर माल टिकतो. त्याच्या फार वर गेला की सड आणि काळी बुरशी, फार खाली गेला की वजन घटतं. एक कांदा सडला की त्याचं पाणी शेजारच्याला लागतं. बाहेरून ढीग लालबुंद, हात घातला की आत चिखल. पोरांनी काय केलं, तर भोकं पाडलेल्या पीव्हीसी पाइपात तापमान आणि दमटपणा मोजणारा सेन्सर बसवला. डीएचटी-२२ म्हणतात त्याला. पांढरी, जाळीची, काडेपेटीहून लहान डबी. पाइप ढिगात खुपसायचा, वायर बाहेर काढून अर्डुइनोला, म्हणजे प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाला, जोडायची. दमटपणा ७५ टक्क्यांच्या वर गेला की भोंगा वाजणार. मे महिन्यापासून एका विद्यार्थ्याच्या आजोबांच्या, म्हणजे आप्पांच्या चाळीत तो बसवलेला होता, आणि जुलैत तो वाजला तेव्हा ढीग फोडल्यावर आत खरोखरच सडका माल निघाला होता. त्या एका भोंग्यावर आम्ही जिल्ह्यातून निवडून आलो.

मुलांची नावं इथं देत नाही. तिघांच्या कामांवरून सांगते. एक बोलकी, एक वहीवाली आणि एक तारवाला. नववीतले तिघंही. सोबत आमचे प्रयोगशाळा परिचर नाना. सोल्डरिंग शाळेत फक्त त्यांनाच येतं. मुख्याध्यापकांनी 'परिचरांना प्रवासभत्ता कुठून देऊ' असं विचारलं तेव्हा नाना 'मी माझ्या पैशानं येतो' म्हणाले आणि विषय संपला.

पंचवटी एक्सप्रेसनं निघालो. वहीवालीनं यंत्र पॉवर बँकेवर चालू ठेवलं होतं आणि स्टेशनागणिक आकडा लिहीत होती. निफाडला ६३. इगतपुरीला ६९. कसारा घाट उतरून गाडी खाली आली तशी हवा जड होत गेली, घामानं मान चिकट झाली आणि आसनगावच्या आसपास आमचा भोंगा वाजायला लागला.

भरल्या डब्यात, वायरी निघालेला खोका, आणि त्यातून पीं पीं पीं. रोजचे पासवाले एका झटक्यात जागे झाले. 'काय आहे ते?' असं विचारणाऱ्या गृहस्थांच्या आवाजात साधं कुतूहल नव्हतं. नानांनी वायर उपटली, बोलकीनं सगळ्यांना कांद्याची गोष्ट सांगितली, आणि दोन मिनिटांत डबा 'यंदा भाव काय' यावर आला.

'सेन्सर गेला,' तारवाल्याचं निदान.

'गेला नाही. ७८ दाखवतोय, आणि मला पण दमट वाटतंय,' वहीवाली म्हणाली.

मला उत्तर दिसत होतं. ७५ ही आमच्या गावच्या हवेत ठरवलेली रेघ. मुंबईत परतीचा पाऊस रेंगाळलेला असताना बाहेरचीच हवा त्याच्या वर असते, तिथं कांद्याचा काय संबंध? पण मी खिडकीबाहेर बघत बसले. वर्गात असते तर फळ्यावर लिहून टाकलं असतं. इथं प्रकल्प त्यांचा आहे.

दादर-माटुंग्याच्या पट्ट्यातल्या एका कॉलेजात स्पर्धा होती. नोंदणी, बिल्ले, ओळखपत्राचा फोटो चिकटवला नाही म्हणून परत रांग. संध्याकाळी टेबल लावलं, यंत्र चालू केलं, पुन्हा भोंगा. शेजारच्या टेबलावरचे सर म्हणाले, 'मॅडम, तुमचं चालतंय तरी. आमचं प्रवासात गप्पच झालंय.'

मुक्काम कुर्ल्याला, नेहरूनगरात, बोलकीच्या मामांकडे. नाना आणि तारवाला आयोजकांनी दिलेल्या हॉलवर. लोकलमध्ये चढताना कांद्याचं क्रेट आणि खोका घेऊन नाना लगेजच्या डब्यात शिरले. तिथं रिकाम्या पाट्या घेऊन निघालेल्या मासेवाल्या मावशींनी त्यांना विचारलं म्हणे, 'काय रे बाबा, उलटा कुठं चाललास? कांदा मुंबईत विकायचा असतो.'

बुधवार

उद्घाटन दहाला होतं. पाहुणे साडेअकराला आले. मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ आणि 'तुमच्यातूनच उद्याचे शास्त्रज्ञ घडणार' असं सांगणारी चार भाषणं. उद्याचे शास्त्रज्ञ पहाटे पाचला उठलेले होते, त्यातले निम्मे झोपले. दीड वाजता जाहीर झालं की परीक्षण आज नाही, उद्या. हॉल बंद. यंत्र आणि खोका आम्ही सोबत घेतला, कांदे तिथंच राहिले.

मामींनी दिलेल्या डब्यातल्या मेथीच्या पोळ्या कॉलेजच्या पायऱ्यांवर खाताना तारवाला अचानक म्हणाला, 'मॅडम, एक सेन्सर बाहेर पण लावू या. आतला वजा बाहेरचा. जास्तीचा जो असेल तो कांद्याचा.'

वहीवालीनं घास गिळला आणि म्हणाली, 'मग गाव कुठलं पण असू दे.'

मी एवढंच विचारलं, 'दुसरा सेन्सर आहे?' नव्हता. नानांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी लग्नाघरात जिलेबी वाढताना माणसांच्या चेहऱ्यावर पाहिलंय. 'मॅडम, ग्रँट रोडला उतरू. लॅमिंग्टन रोड.'

पाट्यांवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलेलं असतं, माणसं लॅमिंग्टन रोडच म्हणतात. नाना तरुणपणी शाळेचा अँप्लिफायर दुरुस्त करायला इथं आले होते. दुकानं चार-चार फुटांची, पण भिंतीवर खालपासून वरपर्यंत प्लास्टिकचे खण, त्यात रेझिस्टर, रिले, डायोड, नाना तऱ्हेचे कनेक्टर. आम्ही ऑनलाइन मागवतो आणि आठ दिवस वाट बघतो त्या सगळ्या वस्तू इथं मुठीनं मोजून देत होते. तारवाला तिथं तासभर तरी नुसता उभा होता, आणि मी त्याला उभा राहू दिला. दुकानदारानं विचारलं, 'डीएचटी-११ चालेल का? स्वस्त आहे.' पोरगा म्हणाला, 'नको, ११ ची चूक जास्त असते. दोन्ही सारखेच पाहिजेत.' दुकानदारानं एकदा त्याच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं आणि न मागता दहा रुपये कमी केले.

तिथून चालत नाना चौक. नाना म्हणाले, 'आपल्या नावाचा चौक, फोटो काढा.' तो नाना शंकरशेटांच्या नावचा, हे मुलांना सांगितलं. त्यांनी आधी नानांचाच फोटो काढला. या चौकातल्या महापालिकेच्या शाळेच्या खोल्यांमध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा संसार सुरू झाला होता. १९७४ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं हे केंद्र काढलं, आणि त्यांनी पहिल्या कामांपैकी एक काम केलं ते आमच्याच बाजूला, जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याला. गावातल्या शाळांत विज्ञान कसं शिकवलं जातं आणि कसं शिकवता येईल, हे तिथल्याच शिक्षकांबरोबर बसून पाहायचं. दुसरीकडे महापालिकेच्या शाळांतल्या हुशार पण परिस्थितीनं मागे पडलेल्या मुलांना हाताशी धरायचं. आज त्या केंद्राचं नाव निघालं की लोकांना फक्त ऑलिंपियाड, म्हणजे शाळकरी मुलांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा, आठवतं. माझ्या मनात मात्र खिरोदाच आधी येतं. असो, केंद्र आता मानखुर्दला आहे, आणि शुक्रवारी तिथं जायची परवानगी मेलवरून आधीच काढून ठेवली होती.

रात्री कुर्ल्याच्या हॉलमध्ये, मामांच्या टीव्हीसमोर, जमिनीवर पसारा. तारवाल्याला आणि नानांना जेवायला बोलावलं होतं. नानांच्या मुलाचा जुना लॅपटॉप, त्याची बिजागरी तुटलेली, म्हणून भिंतीला टेकवून ठेवायचा. दुसरा सेन्सर वेगळ्या पिनला जोडला, प्रोग्रामात चार ओळी वाढल्या, आणि पडद्यावर 'आत' आणि 'बाहेर' असे दोन आकडे आले. भोंगा आता फरकावर. पहिल्या झटक्यात 'आत'चा सेन्सर 'बाहेर' आणि 'बाहेर'चा 'आत' दिसत होता, ते बोलकीनं तोंडाची वाफ घालून शोधलं. मामी दोनदा म्हणाल्या, 'बाई, तुम्ही सांगा ना त्यांना, किती वेळ लावतायत.' मामींना मी काय सांगणार? भाजी चिरायला घेतली.

गुरुवार

परीक्षण. सूचना फलकावर ठळक लिहिलं होतं: परीक्षणाच्या वेळी मार्गदर्शक शिक्षकांनी हॉलच्या बाहेर थांबावे. आम्ही बाहेर गेलो. आम्ही म्हणजे निम्मे. उरलेले निम्मे खांबामागे, पाण्याच्या टाकीजवळ, 'चार्जर द्यायला आलो' अशा वेगवेगळ्या कारणांनी आतच. एक सर दारातून बोटांनी आकडे दाखवत होते, त्यांचा विद्यार्थी परीक्षकाच्या खांद्यावरून ते वाचत होता. मला त्या मुलाचं वाईट वाटलं. त्याला त्याचं यंत्र माहीतच नव्हतं, आणि ते त्याला स्वतःला पक्कं माहीत होतं.

चहाच्या टपरीवर शिक्षकांचं दुसरं संमेलन. या स्पर्धांमध्ये वर्षानुवर्षं येणारी एक जमातच आहे. गडचिरोलीहून दोन मुलं घेऊन आलेले एक सर होते. त्यांचा अर्धा आठवडा प्रवासातच जाणार. एक बाई बाल विज्ञान परिषदेला अगदी पहिल्या वर्षांपासून, म्हणजे १९९३ नंतर लगेच, गाइड टीचर म्हणून जात होत्या. त्या परिषदेचं मला एक आवडतं: मॉडेल लागत नाही, गावातला एखादा प्रश्न घ्यायचा, मोजायचा, नोंदी ठेवायच्या. १० ते १७ वयाची मुलं घेतात. बाई म्हणाल्या, 'थर्माकोल नाही, त्यामुळे पालकांना त्यात रस नाही.' इन्स्पायर मानक या सरकारी योजनेचा विषय निघाला. त्यात मुलाची कल्पना निवडली गेली की त्याच्या खात्यावर १०,००० रुपये जमा होतात. 'जमा होतात आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी तयार मॉडेल विकणारा शाळेत फोन करतो,' असं एक जण म्हणाले आणि सगळे हसले, कारण फोन सगळ्यांनाच आलेला होता.

मुंबईच्या एका शाळेतल्या मॅडम बालवैज्ञानिक स्पर्धेची तयारी करून घेतात. सहावी आणि नववीसाठीची डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा. गावाकडे पुष्कळांना वाटतं ती त्या मानखुर्दच्या केंद्राची. ती आहे विज्ञान शिक्षकांच्या संघटनेची, बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाची, १९८१ पासून. आधी लेखी, मग प्रात्यक्षिक, मग प्रकल्प आणि मुलाखत. शिक्षकांनी एकत्र येऊन एवढी वर्षं चालवलेली गोष्ट म्हणून मला तिचा अभिमान वाटतो, आणि तिच्याभोवती क्लासवाल्यांची जी जत्रा भरलीय तिचा वीटही येतो. त्या मॅडमनाही येत होता. त्या शाळा सुटल्यावर मुलांना लिटमस आणि भिंगं हातात देऊन बसवतात, फुकट; आणि पालक विचारतात, 'नोट्स कधी देणार?'

साडेअकराला बोलकी धावत बाहेर आली. चेहरा उतरलेला. पहिल्या फेरीचे परीक्षक येऊन गेले होते. एकांनी 'शासनाला काय संदेश द्याल' असं विचारलं, ते तिनं टोलवलं. दुसरे पिकल्या केसांचे, बराच वेळ पाइपाशी बसले आणि म्हणाले, 'बाळ, ढीग आतून गरम असतो ना? हवा गरम झाली की तीच वाफ असूनही टक्केवारी कमी दिसते. मग आत सडत असताना तुझा फरक उलटा येईल, त्याचं काय?'

'मग तू काय म्हणालीस?'

'मी म्हटलं विचार करून सांगते.'

मला तिला उचलून घ्यावंसं वाटलं. टपरीवर उगाच दुसरा चहा सांगितला.

प्रश्न अस्सल होता. टक्क्यांतला दमटपणा म्हणजे हवेत जास्तीत जास्त जेवढी वाफ मावते तिच्या मानानं आत्ता किती आहे ते. आणि मावते किती, ते तापमानावर. २० अंशाला एका घनमीटर हवेत साधारण १७ ग्रॅम, ३० अंशाला ३० ग्रॅम, ४० अंशाला ५१. म्हणजे बाहेर २८ अंशाला ८० टक्के असेल तर वाफ २२ ग्रॅमच्या जवळ. ढिगात ३२ अंशाला ७० टक्केच दिसले तरी वाफ निघते साडेतेवीस ग्रॅमच्या वर. टक्के कमी, पाणी जास्त. आमचा भोंगा इथं गप्प बसला असता.

हे मी सांगितलं नाही. माझा फोन वहीवालीला दिला. तिनं तक्ता शोधला, जेवणाच्या सुट्टीत वहीत २० ते ४० अंशांपर्यंतचा एकेक आकडा उतरवला आणि तारवाल्यानं तो प्रोग्रामात जसाच्या तसा भरला. मधे दोनदा भांडण झालं. एकदा दशांश चिन्हावरून, एकदा समोशावरून. दुपारच्या फेरीत टेबलावर तीन आकड्यांची पट्टी होती: आत ३१ अंश, ७४ टक्के, २३.८ ग्रॅम, बाहेर ३० अंश, ७२ टक्के, २१.९ ग्रॅम, फरक १.९. पिकल्या केसांचे परीक्षक दुसऱ्या फेरीला नव्हते. जे आले त्यांनी मॉडेलला रंग का दिला नाही असं विचारलं.

निकाल संध्याकाळीच लागला. आम्हाला उत्तेजनार्थ. पहिला नंबर आवाजावर चालणाऱ्या एका चकचकीत गाडीला गेला. मला तो पटला नाही, पण मी आमच्या टेबलाची बाई, माझ्या मताला तेवढीच किंमत द्या. दुसरा मात्र सिंधुदुर्गच्या मुलींना, सुकी मासळी वाळवण्याच्या पेटीसाठी, आणि तो त्यांना शंभर टक्के द्यायला हवा होता. त्यांच्या वहीत न जमलेल्या दिवसांच्या नोंदीही होत्या. तारवाला खट्टू झाला. नाना त्याला म्हणाले, 'लॅमिंग्टन रोड पाहिला ना?' यावर त्याला काही बोलता आलं नाही.

शुक्रवार

कुर्ल्याहून हार्बरनं मानखुर्द. स्टेशनाबाहेर ट्रकांची रांग, धूळ, गॅरेजं. आणि फाटकातून आत गेलं की झाडी आणि गारवा. केंद्रात ज्यांनी आम्हाला वेळ दिला ते सर ऑलिंपियाडच्या संघांबरोबर परदेशी जाऊन आलेले. मुलांना पदकांच्या गोष्टी हव्या होत्या, मला लीडरच्या, म्हणजे संघाबरोबर जाणाऱ्या शिक्षकांच्या.

चाळणी कशी असते ते त्यांनी सांगितलं. पहिली परीक्षा नोव्हेंबरात, देशभर, आणि ती घेते भौतिकशास्त्राच्या शिक्षकांची संघटना, आयएपीटी, १९८४ साली स्थापन झालेली. म्हणजे इथंही पाया शिक्षकांच्या संघटनेनंच घातलेला. त्यातून निवडलेल्यांची पुढची परीक्षा, मग उन्हाळ्यात इथं मानखुर्दला शिबिर, मग संघ. भौतिकीला पाच जण, रसायनाला चार, जीवशास्त्राला चार, खगोलाला पाच. स्वतः मुंबईनं किती ऑलिंपियाड भरवली पाहा: गणित १९९६, रसायन २००१, जीवशास्त्र २००८, भौतिकी २०१५ आणि खगोल ऑगस्ट २०२५. ऐन पावसाळ्यात खगोलाचं ऑलिंपियाड ऐकून बोलकी फिस्सकन हसली. सरही हसले.

मग मी लीडरचं विचारलं. परदेशात पोचल्या दिवशी संघ आणि शिक्षक वेगळे होतात. राहायला वेगळीकडे. मुलांचे फोन काढून घेतात, त्यांच्यासोबत यजमान देशाचा एक तरुण गाइड. कारण लीडरना प्रश्नपत्रिका परीक्षेच्या आधी दाखवतात. सगळ्या देशांचे शिक्षक एका हॉलमध्ये बसून एकेका वाक्यावर वाद घालतात, आणि मग रात्रभर आपापल्या भाषेत भाषांतर करतात. सकाळी सहाला छापायला जातं, मुलं पेपर लिहायला बसतात, आणि शिक्षक झोपायला. परीक्षा संपेपर्यंत भेट नाही. नंतर उत्तरपत्रिका यजमान तपासतात आणि लीडरही त्यांच्या प्रती स्वतंत्रपणे तपासतात; मग दोघं समोरासमोर बसून एकेका गुणासाठी बोलतात. त्याला मॉडरेशन म्हणतात.

'म्हणजे मुलांसाठी भांडतात, पण मुलांच्या देखत नाही?' वहीवालीनं विचारलं.

'बरोब्बर,' सर म्हणाले.

मला कालचे दारातून बोटं दाखवणारे सर आठवले. त्या मोठ्या स्पर्धेत शिक्षकावर विश्वास ठेवत नाहीत असं नाही. त्याला इतकं सगळं दाखवलेलं असतं की लांब ठेवण्यावाचून गत्यंतर नसतं. आपल्याकडे 'बाहेर थांबावे' असा कागद चिकटवतात आणि बाहेर थांबणारा वेडा ठरतो. जिल्ह्याच्या पुढच्या बैठकीत मी हे मांडणार आहे: परीक्षणाच्या वेळेत सगळ्या मार्गदर्शकांना दुसऱ्या इमारतीत बसवा आणि आम्हालाही काहीतरी काम द्या. एकमेकांच्या मुलांच्या वह्या वाचायला द्या हवं तर.

निघताना तारवाल्यानं यंत्र बाहेर काढलंच. सरांनी दोन्ही सेन्सर हातात घेतले, पट्टीवरचे आकडे पाहिले आणि एवढंच विचारलं, 'हे दोघं एकाच जागी ठेवल्यावर सारखं दाखवतात का?'

तिघंही गप्प. ठेवूनच पाहिले नव्हते.

'घरी मीठ आहे ना? झाकणात मीठ घ्या, चमचाभर पाण्यानं ओलं करा, विरघळून जाऊ देऊ नका, नुसता लगदा. हवाबंद डब्यात तो आणि दोन्ही सेन्सर. काही तासांनी आतली हवा ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. मिठाच्या अशा लगद्याचा तो गुणच आहे.'

घरी कोण थांबतंय! कँटीनमधून मीठ घेतलं. मामींचा मेथीच्या पोळ्यांचा प्लास्टिकचा डबा रिकामा होता. वायरींसाठी झाकणाला नानांनी चाकूनं खाच पाडली आणि सेलोटेपनं बुजवली. (मामींना नवा डबा पाठवलाय.)

पुढचं ठिकाण वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र. १९८५ पासून सुरू असलेल्या या केंद्रात आमच्याकडची प्रत्येक सहल येतेच, पण आम्ही या वेळी आतल्या दालनांत फारसं गेलो नाही. बाहेरच्या बागेत वाफेचं इंजिन आहे, जुनी ट्राम आहे, आणि मरुत विमान. मरुत भारतात बनलेलं जेट लढाऊ विमान; बनलं बंगळुरूला, पण आमच्या ओझरच्या विमान कारखान्यात तारवाल्याचे काका असल्यानं त्यानं तेही आपल्याच खात्यात धरलं. त्या विमानापाशी, सावलीत, मांडीवर डबा घेऊन वहीवाली बसली होती. दर पंधरा मिनिटांनी एक ओळ. ६६, ६१. ७१, ६६. ७५, ६९. बाकीची मुलं घसरगुंडीवर, आणि ही आपली मिठाची राखण करतेय.

चारच्या पुढे आकडे हलायचे थांबले. जुना सेन्सर ७८. नवा ७२. मीठ म्हणतंय ७५.

तिनं वहीत काहीतरी गुणलं, खोडलं, परत गुणलं. मग दोघांना हाक मारली. जुना तीननं चढा, नवा तीननं उणा. जुना काल आत होता, नवा बाहेर. म्हणजे आत खरे ७१ टक्के, बाहेर खरे ७५. आतली वाफ २२.८ ग्रॅम. बाहेरची २२.८.

'फरक शून्य,' तारवाला म्हणाला.

'काल आपण परीक्षकांना कांदा दाखवलाच नाही,' बोलकी म्हणाली. 'दोन डब्यांमधला फरक दाखवला.'

नाना म्हणाले, 'क्रेटमधले कांदे निवडून आणले होते मी. एक सडका नव्हता. शून्यच यायला पाहिजे.'

यावर तिघांनी नानांकडे असं पाहिलं की कालचा पहिला नंबर त्यांनाच मिळाला असावा. गाडीची वेळ होत आली होती. सायन्स सेंटरहून नवी भुयारी मेट्रो थेट सीएसएमटीला नेते. सामान तपासणाऱ्या यंत्रात आमचा खोका, पाइप आणि मिठाचा डबा गेला आणि अर्थातच बाजूला काढला गेला. बोलकी समजावत होती तोवर मागं रांग वाढली.

पंचवटीत जागा मिळाल्यावर नवीन वाद सुरू झाला. मे महिन्यापासूनच्या सगळ्या नोंदी त्या चढ्या सेन्सरच्या. म्हणजे प्रत्येक आकड्यातून तीन वजा. मग जुलैतला तो भोंगा, ज्याच्यावर आम्ही जिल्ह्यात निवडून आलो, तो ७६ ला वाजला होता.

'म्हणजे खरे ७३. वाजायलाच नको होता,' वहीवाली म्हणाली.

'पण आप्पांच्या चाळीत सडका माल निघाला होता की नाही? मी स्वतः पाट्या भरल्यात.'

'निघाला. पण तो ७५ मुळे नाही निघाला. मग ७५ ची रेघ कुणी सांगितली?'

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, आप्पांना विचारू, चाळीच्या दुसऱ्या टोकाचा ढीग अजून फोडलेला नाही. सोमवारी दोन्ही सेन्सर घेऊन जाऊ. कल्याण येईपर्यंत तिघांनी कोण कुठला पाइप कुठं खुपसणार ते वाटून घेतलं होतं.